माझी वीस मिनिटं, शोभाचा डोंगर

डॉक्टरांनी दोन फाइली टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. डावीकडची माझी, उजवीकडची माझ्या धाकट्या बहिणीची, शोभाची.

"वजनात फरक एका किलोचा," ते म्हणाले, "पण ह्या दोन फाइली सारख्या नाहीत. हे आधी डोक्यात ठेवा."

माझ्या डोक्यात फक्त तो एक किलो राहिला. मी एकशे नऊ, ती एकशे आठ.

माझ्या फाइलीवर त्यांनी तीन गोष्टी लिहिल्या. मॉर्बिड ओबेसिटी, म्हणजे आयुष्य कमी करणारा लठ्ठपणा. डायबेटिस आणि ब्लड प्रेशर, हे दोन्ही मला आठ वर्षांपासून होतेच. तिसरं नवीन होतं, स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशातला मार्ग बंद होऊन श्वास मधूनमधून थांबतो, त्याला हे नाव आहे. शोभाच्या फाइलीवर पहिली ओळ तीच होती आणि खाली फक्त 'गुडघे'.

दोन हजार आठ साल होतं. मी एकोणपन्नास वर्षांची, धारवाडात एका सरकारी कार्यालयात सुपरिंटेंडेंट. शोभा त्रेचाळीसची, हुबळीला राहणारी. लॅमिंग्टन रोडला तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान आहे आणि दिवसभर ती तिथं उभी असते. त्या दिवशी ती दवाखान्यात केवळ माझ्या सोबतीला आली होती. मी काट्यावरून उतरले तशी ती हसत हसत चढली. "बघू तरी माझं किती," म्हणाली. डॉक्टरांनी तिलाही खुर्ची दिली. आजार माझा, रजा माझी, तपासण्यांची यादी मी महिनाभर खपून केलेली, आणि शेवटी ऑपरेशन दोघींचं ठरलं.

हे सगळं मी त्यांच्यासाठी लिहिते आहे ज्यांचं असं ऑपरेशन झालंय किंवा व्हायचंय, आणि ज्यांना आता चालायला कधी लागू, किती चालू, असा प्रश्न पडलाय. माझ्याकडून काय चुकलं ते लपवलं तर ह्या लिहिण्याचा उपयोग नाही. आणि माझं चुकलं ते हेव्यापोटी.

ऑपरेशन बेंगलोरला झालं. नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी. जठराचा मोठा भाग उभा कापून काढतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. पोट उघडत नाहीत, पाच छोटी भोकं पाडून दुर्बिणीनं करतात. म्हणून लोकांना वाटतं किरकोळ आहे. बाहेरून पाच टाके दिसतात, पण आत लांबलचक जखम शिवलेली असते. हे वाक्य सर्जननी मला दोनदा ऐकवलं.

एकाच दिवशी दोघींचं झालं. तिचा नंबर आठला, माझा अकराला. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं दोघींच्या हातात प्लास्टिकचं एक यंत्र दिलं, त्यात तीन रंगीत चेंडू. त्याला इन्सेंटिव्ह स्पायरोमीटर म्हणतात. नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर उचलले जातात, भूल दिल्यावर फुप्फुसात कफ साचू नये म्हणून हा व्यायाम. खरं तर ऑपरेशननंतरचा पहिला व्यायाम चालण्याचा नसून हा असतो. शोभानं पहिल्याच झटक्यात तीनही चेंडू उचलले. माझे दोनच हलले.

"अक्का, ओढ की जोरात! चहा भुरकतीस तशी," ती पलीकडच्या खाटेवरून म्हणाली.

नर्स हसली. मी तोंड फिरवलं आणि तासाभरात चाळीस वेळा ते यंत्र ओढलं. सांगितलं होतं दहा वेळा. चक्कर आली. खरं तर तिथंच मला शहाणपण यायला हवं होतं.

घरी जाताना सर्जननी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं देते. पहिले सहा आठवडे फक्त सपाट जागेवर चालायचं. सुरुवात दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची, तीही आधीचं सहज जमत असेल तरच. पाच किलोपेक्षा जास्त काही उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची भरलेली बादली नाही आणि तांदळाचा डबाही नाही. पोटाचे व्यायाम, सूर्यनमस्कार, वाकून फरशी पुसणं नाही. रिकाम्या पोटी चालायचं नाही. पाणी घोट घोट, दिवसभर. उपास बंद.

"आणि रक्तदाब, साखर घरी मोजा," ते म्हणाले. "वजन उतरेल तशी ही दोन्ही खाली येतात. गोळ्या मात्र जुन्याच राहिल्या तर त्या जास्त होतात. आकडे खाली यायला लागले तर लगेच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. पुढच्या भेटीची वाट बघू नका."

घरी, मळमड्डीला, आल्याबरोबर मी दोनशे पानी वही आखली. दिवस, पाण्याचे घोट, प्रथिनं, चालण्याची मिनिटं, साखर, रक्तदाब, वजन, गोळ्या. प्रत्येक रकान्याला खूण करायची जागा. शेवटी एक अरुंद रकाना होता, त्याच्या डोक्यावर लिहिलं 'शो.' दर रविवारी शोभाचा फोन यायचा, ती आपलं वजन सांगायची आणि मी ते तिथं लिहायची.

दुसऱ्या रविवारी ती माझ्यापेक्षा तीन किलोंनी पुढं होती. चौथ्या रविवारी चारनी. मी ताक चमच्यानं मोजून घेत होते, डाळीचं पाणी गाळून घेत होते, दहाची दहा मिनिटं घड्याळ लावून व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. ती म्हणायची, "मी काय लिहीत नाही बाई, दुकानात ये-जा होतेच." सख्खी बहीण आहे, लहानपणी तिची वेणी मी घातली आहे. तरीही तो आकडा लिहिताना पेन कागदात रुतायचं. आपल्याइतकाच त्रास कुणी काढलाय आणि त्याला फळ जास्त मिळतंय, हे बघणं फार कठीण असतं. परक्याचं एकवेळ चालतं.

पाचव्या आठवड्यात मी वीस मिनिटांवर आले होते. आठवडा संपता संपता तिचा फोन आला.

"अक्का, सांग मी कुठनं बोलतीय?"

"दुकानातनं."

"नृपतुंग बेट्टावरनं! चढले की गं. मध्ये दोनदा बसले, पण चढले. सगळी हुबळी दिसतीय इथनं."

"छान," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सपाट जागेवर सांगितलंय."

"मी फोन करून विचारलं त्यांना. तुझे सगळे आकडे बरोबर आहेत, सावकाश जा, म्हणाले."

परवानगी घेऊन डोंगर चढली होती! त्याचा मला जास्त राग आला.

आमच्या धारवाडात शनिवारी पहाटे नुग्गीकेरीच्या मारुतीला चालत जाण्याची पद्धत आहे. बायका, पुरुष, कॉलेजची मुलं, सगळे जातात. बरेचजण अनवाणी. शोभा आणि मी शाळेत असताना जायचो. वजन वाढलं तशी मी रिक्षानं जाऊ लागले आणि मग जाणंच बंद झालं. शनिवारचा उपास मात्र लग्नाआधीपासून धरलेला, तो कधी मोडला नव्हता. ऑपरेशननंतरचे पाच शनिवार डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडले होते. सहाव्या शनिवारी मी ठरवलं, आज उपास धरायचा आणि चालत जायचं.

"कशाला हे?" आमचे हे म्हणाले. "साकु की, पुरे झालं. स्कूटरवरनं सोडतो."

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"वीस मिनिटं सांगितलंय. ही वाट तासाभराची."

"मारुतीला किती मिनिटं जायचं ते डॉक्टर ठरवणार का?"

ह्यांनी हात जोडले. "मी थोड्या वेळानं मागनं येतो. येताना तरी गाडीवर बस."

ह्यांना मी बेट्टाचं सांगितलं नाही. मारुतीचं नाव पुढं केलं.

माझा हिशोब असा होता: एरवी सकाळी खाऊन खाऊन मी किती खाते? चार चमचे सत्त्व. ते नाही घेतलं तर काय बिघडतं? पाणीही अर्धी वाटीच घेतलं, कारण वाटेत थांबायला नको. पण गोळ्या घेतल्या. साखरेची एक, रक्तदाबाची एक. त्या रकान्यात खूण करायची असते, ती रिकामी राहिलेली मला चालत नाही. आणि त्याच पानावर, बुधवारी आणि शुक्रवारी, उपाशीपोटीची साखर पंचाहत्तर आणि बाहत्तर लिहिलेली होती. माझ्याच अक्षरात, सुबक. डॉक्टरांची भेट मंगळवारी होती, म्हणून ते आकडे मंगळवारी दाखवायचे ठरवले होते. मी नोंद केली होती, वाचली नव्हती.

पहिली वीस मिनिटं मी झपाझप गेले. लोकांना मागं टाकत होते. मनात बेट्ट होतं आणि त्याच्या डोक्यावर उभी असलेली शोभा. नंतर हात थरथरायला लागले. घाम आला, तो गार होता. ओठ बधिर झाले. हे सगळं काय आहे ते मला ठाऊक होतं, आठ वर्षं मधुमेह होता मला. पण मी मनात म्हटलं, त्या झाडापर्यंत. मग त्या खांबापर्यंत. खांब दिसेनासा झाला.

डोळे उघडले तेव्हा रस्त्याच्या कडेला मातीत होते. रुईच्या माळांची टोपली घेऊन देवळाकडं निघालेली एक बाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"एनात्री अक्का? शुगर अदं एनु?" तिनं विचारलं. काय झालं, साखरेचा आजार आहे का?

मी मान हलवली. तिनं देवासाठी आणलेल्या पुडीतली साखर चिमूट चिमूट माझ्या जिभेवर ठेवली. कुणीतरी पाणी तोंडाला लावलं, तर तिनं त्याला हटकलं, "निधान, निधान," सावकाश म्हणून, आणि थेंब थेंब पाजलं. ती पाच टाक्यांबद्दल काहीच जाणत नव्हती, तरी तिनं बरोबर तेच केलं जे करायला हवं होतं. मागून हे स्कूटरवरून आले, तोवर तिनं रिक्षा थांबवली होती. तिच्या माळा देवळात उशिरा पोचल्या असतील. तिचं नाव विचारायचं राहिलं, ते अजून टोचतं.

दवाखान्यात साखर बावन्न भरली आणि रक्तदाब वरचा चौऱ्याऐंशी. सलाइन लागलं. डॉक्टर दुपारी आले. हे घरी जाऊन माझी वही घेऊन आले होते, ती त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिली. तेवढ्यात शोभाही हुबळीहून येऊन पोचली होती. डोळे लाल, साडी तशीच दुकानातली. ती माझ्या उशाशी उभी राहिली.

डॉक्टर पानं उलटत होते. "वही फार चांगली ठेवलीय. बुधवारी पंचाहत्तर, शुक्रवारी बाहत्तर. मला फोन का नाही केला?"

"मंगळवारी भेट होती."

"आणि ही 'शो' कोण?"

मला वाटलं, सलाइनची बाटली फुटावी आणि सगळ्यांचं लक्ष तिकडं जावं.

शोभानं वाकून वही बघितली. बराच वेळ बघितली. मग चौथ्या रविवारच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे चूक आहे. इथं दोन किलो जास्त पाहिजेत."

"तूच सांगितलंस," मी म्हटलं.

"खोटं सांगितलं. तू फोनवर अशी गप्प व्हायचीस, मला मजा वाटायची."

"शोभा!"

"काय शोभा? सगळ्या जन्मात तू पहिला नंबर काढायचीस आणि मी बघायची. एक महिना मला मिळाला तर मी तो जरा ताणला." मग तिला रडू फुटलं. "मरायला निघाली होतीस ना गं माझ्यामुळं."

"दोन किलो धरूनसुद्धा तूच पुढं आहेस," मी म्हटलं. डॉक्टर हसू दाबत खिडकीकडं वळले.

नंतर त्यांनी मला नीट समजावलं, ते तुम्हीही ऐका. माझ्या पायांचं काहीच चुकलं नव्हतं. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. पोटात अन्न नाही, अंगात पाणी कमी, वर गोळी एकशे नऊ किलोच्या बाईची आणि ती बाई आता शहाण्णव किलोची. शोभाला एकही गोळी नव्हती. म्हणून तिला बेट्ट चढता आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलेलं वाक्य, दोन फाइली सारख्या नाहीत, त्याचा अर्थ इतका सरळ होता.

साखरेची गोळी बंद झाली, रक्तदाबाची अर्धी झाली. व्यायाम पुन्हा दहा मिनिटांपासून. दोन आठवडे एकटीनं चालायचं नाही.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं मला एक साधी परीक्षा शिकवली, टॉक टेस्ट. चालताना सलग वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे, गाता आलं तर कमी. मी तिला विचारलं, दुसरीबरोबर तुलना केली तर? ती म्हणाली, "मॅडम, दुसरीची नाडी तुमच्या मनगटावर लागते का?"

तिनं थांबण्याच्या खुणाही लिहून घ्यायला लावल्या. गार घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी आली तर बसायचं आणि साखर घ्यायची. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी साखरेची पुडी पदराला बांधूनच निघायचं. छातीत दुखणं, न थांबणारी धाप किंवा धडधड, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, जखमेच्या जागी फुगवटा, ह्यातलं काहीही झालं तर चालणं सोडून सरळ दवाखाना गाठायचा. पोटरीचं मुद्दाम सांगते. तिथं रक्ताची गाठ असू शकते आणि लोक ती चालण्यानं आलेली कळ समजून तेल चोळत बसतात.

आता प्रश्न होता सोबत कोण येणार. ह्यांची कॉलेजातली नोकरी सकाळची. शोभा म्हणाली, "मी येते की."

पहिले चौदा दिवस ती हुबळीहून सहाच्या बसनं आली. बेट्ट चढणारी बाई, माझ्याबरोबर दहा मिनिटं मळमड्डीच्या गल्लीत चालायची, चहाऐवजी ताक प्यायची आणि परत बस धरायची. मला तिचे पाय धरावेसे वाटायला हवे होते. पण आमच्या शेजारच्या देशपांडेकाकू रोज फाटकात उभ्या राहायच्या.

"अगंबाई शोभा, किती बारीक झालीस! आणि बहिणीसाठी रोज एवढ्या लांबनं येतीस!" मग माझ्याकडं बघून, "तुमचंही होईल हो हळूहळू."

बारीकही तीच, गुणीही तीच. मी दात आवळून टॉक टेस्ट द्यायची.

पुढचा व्यायाम थोडक्यात सांगते. दहाव्या आठवड्यात सर्जननी फोनवर परवानगी दिल्यावर भिंतीला हात टेकून दंड, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, अर्धा लिटर पाण्याच्या बाटल्या उचलणं सुरू झालं. हे का, तर वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते राखायला चालणं पुरत नाही. त्यासाठी प्रथिनं आणि थोडं वजन उचलणं, दोन्ही लागतं. पोटाचे व्यायाम तीन महिन्यांनंतर, तेही त्यांनी जखमा तपासल्यावर. तुमचे डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका, माझं नको. शोभाचं तर मुळीच नको.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, पुन्हा सुरुवात केल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारचं.

त्या दिवशी माझी वीस मिनिटं होती. आम्ही विद्यापीठाच्या आवारात गेलो. झाडी आहे, गाड्या कमी. दहा मिनिटं जायचं आणि दहा परत. नवव्या मिनिटाला रस्ता चढाला लागला. शोभा बोलता बोलता पुढं गेली. तिचं तिलाच कळलं नाही. पाय हलके झालेल्या माणसाची चाल असते तशी चाल होती तिची, आणि मागून ती मला फार सुंदर दिसली. मी दोन पावलं जोरात टाकली. मग म्हणून बघितलं, "शोभा, थांब, मी आले." 'थांब'नंतर धाप लागली. पुढचे दोन शब्द निघालेच नाहीत.

मी कडेच्या मोरीच्या कठड्यावर बसले. पाण्याचे तीन घोट घेतले, मध्ये थांबून थांबून. मनगटावर बोटं ठेवली.

ती वरच्या वळणावर पोचली, वळून बघितलं. "ये की गं अक्का! थोडंच राहिलंय!"

"माझी दहा झाली," मी ओरडले. "तू जा."

"नको, मी येते खाली."

"जा म्हणते ना!"

ती जरा घुटमळली आणि गेली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत बसले. हेवा कमी झाला नव्हता, तसूभरही नाही. फक्त तो बसलेला होता आणि त्याच्याबरोबर मीही. नाडी खाली आली तशी मी उठले आणि फाटकाकडं परत चालू लागले, बोलता येईल इतक्या वेगानं. बोलायला कुणी नव्हतं म्हणून झाडांची नावं घेत गेले. चिंच, गुलमोहर, शिरीष. एकाही नावाला धाप लागली नाही.